नागपूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचंय, पण नेमकं कधी?

मला आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, नमस्कार. आम्ही नागपूरला मनीषनगरात भाड्याने राहतो. मिस्टरांना हिंजवडीला नोकरी लागली, जानेवारीपासून ते वाकडला पीजीत राहून राहिले. मी, सासूबाई आणि दोन मुलं इथेच आहोत. लेक सहावीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश, आणि मुलगा सीनियर केजीत. पुण्यात टू बीएचके बघतोय, बजेट 28 हजार. इथला करार 30 जूनला संपतो. आता जो तो वेगळंच सांगून राहिला. मिस्टर म्हणतात मार्चमध्येच या, परीक्षेपुरतं लेकीला घेऊन परत जा. माझी आई म्हणते शाळा सुरू व्हायच्या आधी जूनमध्ये जा. सासूबाईंना अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त पाहिजे. आणि आमचे घरमालक म्हणतात दिवाळीपर्यंत थांबा, तेव्हा पुण्यात घरं स्वस्त मिळतात. ट्रकवाले दर वेळी वेगळाच रेट सांगतात. ताई, नेमकं कधी हलावं?"

आधी तारीख सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, कारणं मागून. पुण्यातलं घर एप्रिलच्या मध्यापासून ताब्यात घ्या, आणि सामानाचा ट्रक नागपूरहून 5 ते 8 मे च्या दरम्यान काढा. मंगळवार ते शुक्रवार, महिन्याचा पहिला आठवडा सरत आलेला, लेकीची परीक्षा संपलेली, रिझल्ट हातात आलेला आणि पाऊस अजून लांब. तुमच्यासारख्या शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला वर्षभरात एवढीच एक बारीकशी फट मिळते आणि ती यंदा, म्हणजे 2026 ला, नेहमीपेक्षाही बारीक आहे, का ते पुढे सांगते.

तुझ्या पत्रातले चौघंही चुकीचं काही सांगत नाहीयेत बघ. प्रत्येकजण एकेक गोष्ट धरून बोलतोय, मिस्टर एकटेपणा धरून, आई शाळा धरून, सासूबाई मुहूर्त धरून आणि घरमालक भाडं धरून. अडचण अशी आहे की लांबचं शिफ्टिंग कुठल्याही एका गोष्टीवर ठरवलं की बाकीच्या तीन अंगावर येतात. आणि बहुतेक लोक सुरुवातच ट्रकच्या रेटपासून करतात, म्हणजे उलट्या टोकाकडून. माझं मत विचारशील तर क्रम असा ठेव: आधी शाळा, शाळेवरून घर, घरावरून करार, आणि सगळ्यात शेवटी ट्रक.

दिवाळीचं आधी निकालात काढते कारण तुमचे घरमालक त्यात खरंच बरोबर आहेत. पुण्यात घरांना सगळ्यात जास्त मागणी एप्रिल-मे पासून जुलैपर्यंत असते. कॉलेजची पोरं येतात, नव्याने नोकरीला लागलेली मुलं येतात, बदलीवाले येतात, आणि शाळेसाठी घर बदलणारी तुमच्यासारखी कुटुंबं येतात, सगळे एकदमच. पितृपक्षात तर कोणी नवीन घर घ्यायला धजत नाही, त्यामुळे ज्यांचा फ्लॅट तेव्हा रिकामा पडलाय ते मालक भाड्यात हजार-दोन हजार खाली यायला तयार असतात, आणि दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत बाजार थंडच असतो. कोणी एकटं असेल, नवराबायकोच असतील किंवा मूल अजून अंगणवाडीतलं असेल तर मी डोळे झाकून सांगेन की नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही जा, हवा दोन्हीकडे छान, रस्ता कोरडा, मालक बोलायला मोकळा. पण तुझी लेक तेव्हा सातवीचं पहिलं सत्र संपवून बसलेली असेल आणि मुलगा पहिलीत नुकताच रुळलेला असेल. शिवाय यंदा अधिक महिन्यामुळे सगळेच सण पुढे सरकलेत, लक्ष्मीपूजनच 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे नवीन शाळेत पोचायला नोव्हेंबरचा शेवट. भाड्यात वाचलेले पैसे एकाच वर्षात दोन शाळांच्या फिया भरण्यात कुठच्या कुठे जातील, आणि सासूबाई नि दोन मुलं घेऊन तू अजून सहा-सात महिने एकटीने सगळं ओढायचं ते वेगळंच. नको.

मार्चही नको. मिस्टरांना एकटं राहून कंटाळा आलाय हे मी समजू शकते, पण स्टेट बोर्डाच्या पहिली ते नववीच्या परीक्षा आता एप्रिलमध्ये पार शेवटापर्यंत लांबतात, 2025 ला त्या 25 एप्रिलपर्यंत चालल्या होत्या. मार्चमध्ये घर हलवून मग पोरीला परीक्षेसाठी सातशे किलोमीटर परत आणायचं, कोणाकडे तरी ठेवायचं, वह्यापुस्तकं कुठल्या खोक्यात गेली ते शोधायचं, याला काही अर्थ नाही. आणि एक गोष्ट आपण मोठी माणसं विसरतो, मुलीला तिच्या मैत्रिणींबरोबर वर्ष पुरं करू द्यावं, शेवटचा पेपर झाल्यावर वर्गात रडून-हसून निरोप घेऊ द्यावा. बारा वर्षांच्या मुलीसाठी हे फार मोठं असतं. अर्धवट उचलून नेलेली मुलं नवीन शाळेत रुळायला जास्त वेळ घेतात हे मी खूप घरांत बघितलंय. वर मार्चअखेर म्हणजे कंपन्यांचा वर्षअखेरचा माल हलवायची घाई, गाड्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर रेट चढलेले.

राहिला जून, तुझ्या आईचा सल्ला. ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. जूनमध्ये पुण्यात घर बघायला गेलीस की ब्रोकर दहा मिनिटांत फ्लॅट दाखवणार आणि खाली लिफ्टपाशीच टोकन मागणार, कारण मागे अजून तीन पार्ट्या उभ्या असतात, तेव्हा मालक ना भाड्यात खाली येणार ना करारातली एखादी अट बदलणार. आणि पाऊस. पुण्यात मान्सून पोचायची सर्वसाधारण तारीख 10 जून धरतात, पण 2025 ला तो 26 मे लाच येऊन बसला होता आणि त्या वर्षी मे महिनाभर वळवाने झोडपलं ते निराळंच. गादी एकदा ट्रकच्या फळीतून आलेल्या पाण्याने भिजली की पुण्याच्या जून-जुलैच्या हवेत ती वाळतच नाही, वरून कोरडी लागते, आतून वास मारते आणि आठ दिवसांत काळे ठिपके. प्लायवूडच्या कपाटाचा तळ पाणी पिऊन फुगला की दार परत कधी नीट बसत नाही. ताडपत्री घालतो हो मॅडम असं सगळेच म्हणतात. म्हणून मे चा शेवटचा आठवडासुद्धा मी सुरक्षित धरत नाही.

आता मुहूर्ताचं, कारण सासूबाईंचं मन राखणं महत्त्वाचं आहे आणि ते राखता येतंय. यंदा अक्षय्य तृतीया 19 एप्रिलला आहे, रविवार. तेव्हा लेकीची परीक्षा चालू असणार त्यामुळे ट्रक निघू शकत नाही, पण ट्रक निघायलाच कशाला हवा? करार 15 एप्रिलपासूनचा करा, किल्ली हातात येईल, आणि अक्षय्य तृतीयेला मिस्टरांना सुट्टीच आहे, त्यांनी घरात देवाचा फोटो नि कलश ठेवायचा, गॅस नसला तर इंडक्शनवर दूध उतू घालायचं, सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर सगळं बघायचं आणि काय कसं ते सांगायचं. झाला प्रवेश. त्या दिवसापासून मिस्टरांनी एक गादी टाकून तिथेच राहायचं, म्हणजे पीजीचं भाडं वाचलं आणि दोन घरांचं भाडं पडतंय याची टोचणी कमी झाली.

दुसरी गोष्ट, यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. पुष्कळ घरांत अधिकात नवीन घरात जात नाहीत, तुमच्याकडे मानतात का ते सासूबाईंना विचार, पण मानत नसाल तरी ज्यांच्याकडे मानतात ते सगळे 17 मे च्या आत हलायला बघणार, म्हणून 10 ते 16 मे ला गाड्यांची मारामारी होईल असा माझा अंदाज आहे. इकडून 1 मे शुक्रवारी आलाय, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी आणि वर महिन्याची पहिली तारीख, तेव्हा तर विचारूच नको. म्हणून म्हटलं की फट बारीक आहे. 5 ते 8 मे.

शाळेचं काम मात्र आजपासून. घर बघायच्या आधी वाकड-ताथवडे-हिंजवडी पट्ट्यात सेमी इंग्लिशच्या किंवा तुम्हाला चालतील त्या शाळांना फोन करून सातवीत आणि पहिलीत जागा आहेत का विचार. खाजगी शाळांच्या पहिलीच्या जागा हिवाळ्यातच भरायला लागतात, सातवीत कोणी सोडून गेलं तर जागा होते, म्हणून मिस्टरांनी एका शनिवारी प्रत्यक्ष जाऊन यावं, फोनवर "जागा नाही" सांगणारी शाळा समोर गेल्यावर नाव लिहून घेते. बोर्ड बदलायचा विचार असेल तर एक लक्षात घे, सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात, म्हणजे तुझी लेक इकडे परीक्षा देत असताना तिकडे सातवीचे धडे सुरू झालेले असतील. स्टेट बोर्डातून स्टेट बोर्डात जाणं यंदा तरी सोपं. आणि विदर्भात उन्हामुळे शाळा आठवडाभर उशिरा सुरू होतात ना, पुण्यात तसं नाही, जूनच्या मध्यालाच घंटा वाजते, तो हिशोब मनात असू दे.

एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, इथे लोक हमखास अडकतात. 1 मे ला रिझल्ट लागला की शाळेचं ऑफिस ढिलं पडतं, क्लार्क गावाला जातो, मुख्याध्यापकांची सही मिळत नाही आणि मग दाखल्यासाठी जूनच्या शेवटी नागपूरची फेरी. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच लेखी अर्ज देऊन ठेव, फी पूर्ण भरलेली असू दे, लायब्ररीची पुस्तकं परत कर आणि रिझल्टच्या दिवशीच एलसी हातात पाहिजे असं क्लार्कला प्रेमाने पण दोनदा सांग. दाखल्यावर नाव, आडनाव, जन्मतारीख, आधारवरचं स्पेलिंग सगळं तिथेच खिडकीपाशी उभं राहून वाच. ऑनलाइनही एक पायरी असते, नवीन शाळा पोर्टलवर मुलीला मागून घेते आणि जुन्या शाळेने ते मंजूर करायचं असतं, ते कोण करणार आणि सुट्टीत करणार का, हेही विचारून ठेव.

शाळा ठरली की तिच्या आसपास घर. एप्रिलमध्ये घर बघण्याचा एक मोठा फायदा आहे जो भाड्याच्या सवलतीपेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो, पाण्याची खरी परिस्थिती तेव्हाच दिसते. वाकड-हिंजवडीकडच्या कितीतरी सोसायट्या एप्रिल-मे मध्ये टँकरवर चालतात. डिसेंबरात घर घेणाऱ्याला ते कळतच नाही. मिस्टरांना सांग, फ्लॅट बघायला जायच्या आधी गेटवरच्या सिक्युरिटीशी दोन मिनिटं बोलायचं, काल किती टँकर आले, पाणी किती वाजता बंद करतात. वर गेल्यावर बाथरूमचा नळ बघायचा, तोंडाशी पांढरा खडबडीत थर जमलेला असेल तर बोअरचं नाहीतर टँकरचं क्षाराचं पाणी आहे, गीझर आणि वॉशिंग मशीन दोन वर्षांत रडवणार. टँकरचा जादा खर्च मेंटेनन्समध्ये येतो का आणि तो मालक भरणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

उन्हाळ्यात ओल मात्र दिसत नाही, ती शोधावी लागते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला फुगे आलेत का बघा, कपाट भिंतीला चिकटून असेल तर दार उघडून मागच्या फळीला हात लावा नि वास घ्या, बाथरूमच्या पलीकडची भिंत तळाशी भुसभुशीत झालीये का बघा. आणि बाकी घर जुन्या रंगाचं आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर त्या भिंतीबद्दल मालकाला सरळ विचारा. सगळ्यात वरचा मजला असेल तर टेरेसचं वॉटरप्रूफिंग कधी केलं तेही विचारा. दोन-तीन फ्लॅट आवडले की तुला व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांग, पण कॉल चालू असताना नळ सोडून दाखवायचा, खिडकी उघडून बाहेरचा आवाज ऐकवायचा. नुसते फोटो बघून किंवा मी मिलिटरीत आहे, किल्ली कुरियर करतो असं सांगणाऱ्याला टोकन अजिबात पाठवू नका, सीझनमध्ये हे प्रकार फार चालतात.

आता करार, आणि इथे मला तुला अगदी कळकळीने सांगायचंय कारण हे कोणी सांगत नाही. ब्रोकर सवयीने 11 महिन्यांचा करार पुढे करेल. 15 एप्रिल 2026 पासून 11 महिने म्हणजे 14 मार्च 2027, लेकीच्या सातवीच्या परीक्षेच्या तोंडावर. परत 11 महिने केले तर 14 फेब्रुवारी 2028. म्हणजे दर वेळी करार महिनाभर मागे सरकत जातो आणि शाळेच्या वर्षाच्या अगदी गळ्याशी येऊन संपतो. तेव्हा मालकाने भाडं वाढवून मागितलं तर तू काय करणार? मुलांची परीक्षा सोडून घर शोधायला जाणार नाहीस हे त्यालाही माहीत असतं, मग तो म्हणेल तेवढं द्यावं लागतं. शिफ्टिंगला चांगला महिना शोधायला आपण एवढा जीव टाकतो आणि करार संपायचा महिना मात्र ब्रोकरच्या हातात देऊन मोकळे होतो.

म्हणून 25 महिन्यांचा करार मागा. हो, 25. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, 60 महिन्यांपर्यंत कितीही महिन्यांचा करता येतो, 11 चा आकडा नुसता सवयीचा आहे. 15 एप्रिल 2026 पासून 25 महिने म्हणजे 14 मे 2028, लेकीची आठवी संपलेली, रिझल्ट लागलेला, पाऊस यायचा बाकी. तेव्हा घर बदलायचं असेल तर शाळाही बदलता येईल, आणि नववी-दहावीला मात्र मग तिला हलवायचं नाही, म्हणून तो टप्पा निर्णयाला अगदी बरोबर आहे. मालकाला दुसऱ्या वर्षाची वाढ आधीच ठरवून द्या, साधारण पाच टक्के चालतं, म्हणजे त्यालाही बरं. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत करार मोडता येत नाही ती, सहा महिन्यांपेक्षा जास्त नको, आणि तो दोघांनाही लागू असावा. नोटीस तुमच्याकडून एक महिना, मालकाकडून दोन महिने असं लिहून घ्यायचा प्रयत्न करा, एप्रिलमध्ये ऐकतात, जूनमध्ये नाही ऐकत.

खर्चाने दचकू नका. स्टँप ड्यूटी पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटवर दरसाल 10 टक्के धरलेल्या व्याजावर, या दोन्हींच्या बेरजेच्या 0.25 टक्के असते. 28 हजारांनी 25 महिन्यांचे 7 लाख, डिपॉझिट तीन भाड्यांचं 84 हजार धरलं तर त्याचं व्याज साडेसतरा हजार, बेरीज 7 लाख 17 हजार 500, त्याचे 0.25 टक्के म्हणजे साधारण 1,800 रुपये. दुसऱ्या वर्षीची वाढ धरली तर किंचित वर. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी 1,000. वर एजंटचे घरी येऊन अंगठे घ्यायचे पैसे. दर 11 महिन्यांनी हेच सगळं परत करण्यापेक्षा एकदाच बरं नाही का? आणि रजिस्टर केलाच पाहिजे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास त्याला शिक्षा आहे. नुसत्या नोटरीवर भागवू या म्हणणाऱ्या मालकाचं घर कितीही छान असलं तरी सोडा. मुलांच्या शाळेला, बँकेला, आधारवर पत्ता बदलायला, सगळीकडे रजिस्टर करारच मागतात. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते तीही मालकाला पहिल्याच आठवड्यात करायला लावा.

नागपूरच्या घरमालकांना एप्रिलच्या सुरुवातीलाच लेखी नोटीस दे. तुमचा करार 30 जूनपर्यंत आहे, त्यात लॉक-इन काय लिहिलंय आणि नोटीस किती दिवसांची आहे ते आज रात्रीच काढून वाच, कारण मे मध्ये सोडलंत तर जूनचं भाडं मागू नये. माणूस चांगला दिसतोय, थांबा म्हणतोय म्हणजे तुमच्यावर राग नाही, डिपॉझिट किल्ली देताना त्याच दिवशी मिळेल असं आत्ताच ठरवून घे.

ट्रकचं आता पटकन. तीन ठिकाणी सामान दाखव, फोनवर "टू बीएचके आहे" एवढंच सांगून घेतलेल्या रेटला काही किंमत नसते, म्हणून तर तुला दर वेळी वेगळा आकडा ऐकू येतोय. पार्ट लोड स्वस्त पडतो, पण त्यात तुमचं सामान दुसऱ्यांच्या सामानाबरोबर गोडाऊनला उतरतं-चढतं, चार-आठ दिवस कुठे आहे कळत नाही आणि मोडतोड त्यातच होते. मुलं-म्हातारं माणूस असलेल्या घराने पूर्ण गाडी करावी, आणि उघडी नाही, बंद कंटेनर. समृद्धीवरून संभाजीनगरपर्यंत येऊन पुढे अहिल्यानगरमार्गे दीड-दोन दिवसांत गाडी पोचते. सामानाची यादी दोन्हीकडच्या सहीने, बिल्टी म्हणजे ट्रकवाल्याची मालाची पावती, ट्रान्झिट इन्शुरन्स म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा विमा, आणि पैसे टप्प्याने, सगळे आगाऊ कधीच नाही. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं सरकारी ऑनलाइन बिल, लागत नाही, त्याच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. पुण्यातल्या सोसायटीला आधी मेल करून लिफ्टची वेळ घ्या, बऱ्याच ठिकाणी रविवारी आणि संध्याकाळी सहानंतर सामान चढवू देत नाहीत, आणि हिंजवडी-वाकडकडे सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मोठ्या गाड्यांना बंदी असते, म्हणून गाडी दुपारी पोचेल असं बघायला सांगा.

मे मधलं नागपूरचं ऊन तुला मी काय सांगू. लोडिंग पहाटे पाच-सहाला सुरू करून दहाच्या आत संपवा, हमालांना पन्हं-ताक द्या, ती माणसं त्या उन्हात आपला संसार उचलत असतात. बंद कंटेनर आतून भट्टी होतो, म्हणून औषधं, मेणबत्त्या, तेलाचे डबे, लोणच्याच्या बरण्या त्यात नको. सासूबाईंचं इन्सुलिन वगैरे असेल तर तुझ्या हातातल्या पिशवीत. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करायचा, उभाच न्यायचा आणि उतरवल्यावर चार-सहा तास तरी लावायचा नाही. कुंड्या नेऊ नकोस, शेजारी देऊन टाक, फार तर तुळशीचं रोप सोबत. भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये चालत नाही, एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर परत करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याची पावती, घ्यायचं, डिपॉझिट परत मिळतं आणि त्याच व्हाउचरवर वाकडला कनेक्शन लागतं.

आणि नागपूरचं घर म्हणजे मोठा कूलर असणारच! तो पुण्याला नेऊ नको, तिथल्या फ्लॅटच्या बाल्कनीत तो मावणारही नाही आणि पंख्यावर भागतं. पण विकायचा तर होळीच्या सुमारास, मार्चमध्येच, नागपुरात तेव्हा जुन्या कूलरला सगळ्यात चांगला भाव मिळतो. एक कूलर बेडरूमचा मे पर्यंत ठेव, दुसरा काढ. सासूबाईंची वाळवणं, कुरडया, सांडगे काय करायचे ते एप्रिलमध्ये नागपूरच्या गच्चीवरच उरकून घ्या, पुण्यात सोसायटी गच्चीची किल्ली देईलच असं नाही. वर्षाचे गहू-डाळ मात्र इथे भरू नका, पोती ट्रकमध्ये जागा खातात. तूर डाळ विदर्भातलीच हवी असा हट्ट असेल तर दहा किलो घे.

सासूबाई आणि मुलांना ट्रकच्या दिवशीच प्रवास नको. सामान निघालं की त्या तिघांना दोन-चार दिवस नागपुरातच एखाद्या नातेवाइकाकडे ठेव, तू त्याच रात्री पुण्याला निघ, मिस्टर आणि तू मिळून पलंग, गॅस, बाथरूम, देवघर एवढं लावा, मग 9 मे च्या रात्रीच्या गाडीने कोणीतरी त्यांना घेऊन येईल. अजनी-पुणे वंदे भारत आहे पण बारा तास खुर्चीत बसणं सासूबाईंच्या वयाला झेपायचं नाही, रात्रीची एसी गाडी आणि लोअर बर्थ बघ. रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 9 मे चं 10 मार्चला सकाळी, आणि मे मध्ये या गाड्या त्याच दिवशी भरतात. लोअर बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोन ज्येष्ठ प्रवासी असतील तरच लागतो, तेव्हा मुलांच्या तिकिटात सासूबाईंचं नाव टाकू नकोस, त्यांचं तिकीट वेगळं काढ.